शेजारची जागा

तपासणी केंद्र रविवारी बंद असतं, म्हणून मिस्त्रीने हे काम रविवारी दुपारीच काढलं. तो गवंडी नव्हे हं. केंद्रातले कॉम्प्युटर सांभाळायचा. पण काहीही बिघडलं की ठाकठोक करून चालू करायचा, म्हणून सगळे त्याला मिस्त्री म्हणत. काम उरकून मेव्हणीकडे जायचं होतं, त्यामुळे बायकोही सोबत आली होती. ती बाहेर पेशंटच्या बाकावर बसली आणि हा आतल्या खोलीत सर्व्हरपुढे. मध्ये एक भिंत आणि रिपोर्ट द्यायची छोटी खिडकी.

सर्व्हरचा सिस्टीम ड्राइव्ह, म्हणजे यंत्राचा स्वतःचा कप्पा, गच्च भरला होता. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे यंत्राला कोण शिकवणार? शेजारच्या ड्राइव्हवर मात्र आजवरच्या सगळ्या पेशंटच्या फायली ऐसपैस पसरल्या होत्या. त्या दाटीवाटीने एका बाजूला सरकवायच्या आणि मोकळी झालेली जागा सिस्टीमला जोडायची, एवढंच काम. फक्त एकदा सुरू केलं की मध्येच थांबवायचं नाही. थांबवलं तर फायली गेल्याच म्हणून समजा. त्यासाठी आधी बॅकअप घ्यायचा असतो. मिस्त्रीने घेतला नव्हता. आळस, दुसरं काय!

त्याने बटण दाबलं. पंख्यांची घरघर वाढली, आणि बंद खोलीत कुठून तरी स्पिरिटचा वास यायला लागला.

“अहो,” खिडकीतून बायको म्हणाली, “पेशंट यायला लागले का?”

“आज? दाराला आतून कडी आहे.”

“मग मला ‘जरा सरकून घ्या’ कोण म्हणालं?”

तो हसला. “डुलकी लागली असेल तुला.”

काम किती झालं ते दाखवणारी पडद्यावरची पट्टी निम्मी भरली. बाहेर कोणीतरी खोकलं. बायकोचा खोकला तो ओळखत होता. हा म्हाताऱ्या माणसाचा होता.

“अहो... परत म्हणाले. मी सरकले. आता पार टोकाला आलेय.”

“तिथून ऊठ. आत ये.”

“उठता येत नाही... एकीकडे भिंत, आणि इकडून... कोणाचा तरी खांदा लागतोय.”

मिस्त्री खुर्चीतून उठला. त्याने खिडकीतून वाकून पाहिलं. भिंतीला चिकटून, अंग चोरून ती बसली होती. बाकीचा बाक रिकामा होता.

त्याचा हात सर्व्हरच्या स्विचकडे गेला. बंद केला तर हजारो माणसांचे रिपोर्ट जाणार, आणि नोकरीही.

“थोडं सहन कर,” तो म्हणाला. “होतच आलंय.”

बोलताक्षणीच त्याला स्वतःची लाज वाटली. तरी त्याने हात मागे घेतला.

पट्टी पूर्ण भरली. काम यशस्वी झाल्याचं पडद्यावर उमटलं. तो धावतच बाहेर गेला. बाकावर कोणी नव्हतं. दाराची कडी आतून लागलेली होती, आणि तिच्या चपला बाकाखाली तशाच होत्या. त्याने हाका मारल्या, सगळ्या खोल्या पालथ्या घातल्या, आणि शेवटी रडकुंडीला येऊन सर्व्हरपाशी परतला. आतून कुजबुज ऐकू येत होती, खच्चून भरलेल्या खोलीतून येते तशी. त्याने पत्र्याला कान लावला.

“नाही हो काका, इथे दुसऱ्या कोणाला बसवू नका,” बायको कोणाला तरी समजावत होती. “आमचे हे येतायत. अंग चोरलं तर अजून एक जण मावेल.”