एल्मरची खुर्ची मिटत नाही

खुर्ची बिघडलीय असं समजून मी तासभर तिच्या बिजागरीत तेल सोडत बसले होते. अर्धं खुर्चीखाली सांडलं. तरी ती मिटेना, तर मी तिलाच शिव्या दिल्या. एवढी मी हुशार.

कॅझकाकांच्या ओट्यावर हॅलोरन पार्क या जुन्या बेसबॉल मैदानाच्या दोन खुर्च्या होत्या. हिरव्या, थेटरातल्यासारख्या, माणूस उठला की बसायची फळी आपोआप वर जाते. एक मिटायची, दुसरी कायम उघडी. काका उद्या माझ्याकडे राहायला येणार होते, ट्रक ठरला होता. ही मोडकी मी कचऱ्याच्या गाडीला देणार होते.

"ती नाही, तर मी पण नाही," काका दुसऱ्या, धड खुर्चीत ठाण मांडून बसले. अंधार पडला तरी उठेनात.

"काका, मोडकीय हो ती."

"मोडकी तुझी अक्कल, मार्नी. बस पायरीवर. एल्मर आठवतो?"

न आठवून काय! बेसबॉलच्या मॅचला आमच्या मागच्या रांगेत बसायचा. पंचाला चष्म्याच्या दुकानाचा पत्ता सांगायचा, ओरडून. आणि शेंगांची टरफलं बरोब्बर माझ्या बुटात.

"त्याचा एकच कायदा," काका म्हणाले. "शेवटचा आउट होईपर्यंत उठायचं नाही. पाऊस येऊ दे, नाहीतर बायको बोलावू दे. तो गेला सत्याण्णवच्या वसंतात. त्याच वर्षी सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी पार्कची शेवटची मॅच. सोमवारी पाडायला घेणार होते. त्याचा दोस्त गस बाहीत पाना लपवून आला. दोघांच्या खुर्च्या घरी न्यायला. तीस वर्षं शेजारी बसलेले ते. नववी, शेवटची इनिंग, दोन आउट, तिसरा झाला की मॅच संपली... आणि लोक मैदानात घुसले. कुणी गवत उपटलं, कुणी बेसच्या गाद्या. पंचांनी मॅच सोडून दिली. तिसरा आउट झालाच नाही."

"माहितीय. गाड्यांची गर्दी व्हायच्या आत निघू म्हणून मी बाबांच्या मागे लागले होते."

"तुझ्याकडून दुसरी अपेक्षाच नव्हती." काकांनी आवाज खाली आणला. "पहाऱ्याला मी होतो. दिवे घालवले, फेरीला निघालो. वर डावीकडे गस. स्वतःची खुर्ची सोडवलेली. एल्मरची... फळी खाली.

"म्हटलं, गस, चल, निघ.

"तो म्हणाला, 'मॅच संपलेली नाही. आम्ही उठणार नाही.'

"आम्ही? होता तर एकटाच.

"मी फळी वर ढकलली. हळूच... खाली आली.

"पुन्हा ढकलली.

"खाली.

"वारा नव्हता.

"मग... कट्. शेंग फोडल्यासारखं. गसचे दोन्ही हात पान्यावर होते."

मी पायरीवर पाय वर घेऊन बसले.

"मग?"

"मग गस रिकाम्या पार्कात बोंबलला. 'पाडा काय पाडायचं ते! हा उठणार नाही! बसल्या जागी उचलून नेतो!' बोल्ट सोडवले. स्वतःची खुर्ची त्यानं एकट्यानं खाली नेली. एल्मरची... दोघं लागलो. तोंडाला फेस आला. पुढे गस जाताना दोन्ही मला देऊन गेला. पार्क गेलं, संघ गेला, तिथं आता सुपरमार्केट झालं. ही फळी काही वर गेली नाही. आणि तू हिला कचऱ्यात घालणार."

मी उठले. खुर्ची एका बाजूनं धरून उचलायला गेले.

हलली नाही.

"ट्रकवाल्याला... जास्तीचा माणूस आणायला सांगते," मी म्हटलं. "दोन्ही नेऊ."



काही तरी करायचं म्हणून मी सांडलेलं तेल पुसायला खाली वाकले. तेलावर दोन टरफलं पडली होती. वरून कोरडी. बोटाला मीठ लागलं.

"काका... शेंगा तुम्हीच खाल्ल्यात ना आत्ता?"

"माझी कवळी आत पाण्यात आहे," काका म्हणाले.