दाबकेबाईंचा धास्ती-अंक

कर्देलीच्या किनाऱ्यावर पाऊल टाकायचं तर आता आधी धास्ती-अंक काढावा लागे. सुरूच्या बनातून वाळूकडे उतरणाऱ्या वाटेवर एक लाकडी फाटक होतं. आत शिरायचं, दोरी बांधलेल्या पट्ट्यातून थोडं चालायचं, पाण्याच्या कडेला बसलेल्या पाखरांकडे तोंड करून क्षणभर थांबायचं आणि परत यायचं. तेवढ्यात फाटकाच्या पाटीवर तुमचा अंक उमटे. तिसाच्या आत असाल तर किनारा तुमचा. वर गेलात तर पाखरं उत्तरेला निघून जाईपर्यंत घरी बसायचं.

हा नियम व्हावा म्हणून ग्रामसभेत सगळ्यांत जास्त भांडल्या त्या ऋजुता दाबके. शाळेतून निवृत्त झालेल्या या बाईंना पंचक्रोशी 'पक्षीवाल्या बाई' म्हणूनच ओळखे. दर फाल्गुनात, पांगारा फुलला की त्या मुलांना नि पाहुण्यांना घेऊन वाळूवर येत आणि चिखल्या कोणता, तुतवार कोणता ते हळू आवाजात दाखवत. वाळूत गाड्या घालणाऱ्या, गाणी लावून नाचणाऱ्या मंडळींना पाहिलं की त्यांच्या अंगाची लाही होई. आता यंत्रच त्या लोकांना अडवणार होतं.

यंत्राचं नाव स्पंदवेधी. त्यातून अगदी क्षीण रेडिओलहरी निघत आणि समोरच्या जिवाच्या अंगावर आपटून परत येत. काळीज धडधडलं की छाती केसभर हलते. तेवढ्यानेही परतणाऱ्या लहरीत फरक पडतो. त्या फरकावरून दूर बसलेल्या पाखराच्या काळजाचे ठोके मोजता येत, त्याला हातही न लावता. एखादा माणूस समोर आल्यावर ते ठोके किती वाढतात, तो त्या माणसाचा धास्ती-अंक.

यंत्र बनवणारे डॉक्टर अन्वर मुकादम याच गावचे, बाईंच्या हाताखाली शिकलेले. म्हणून फाटक गावाला खुलं करण्याआधी पहिला अंक बाईंचा काढायचा असं ठरलं. बाई पट्ट्यातून चालून आल्या. अन्वर यंत्राच्या पडद्याकडे बघत राहिला.

"किती रे?"

"त्र्याहत्तर."

बाई हसल्या. "तुझं यंत्र बिघडलंय."

"मलाही तसंच वाटलं, बाई. पण बघा तुम्हीच."

ओहोटीच्या चिखलातून मुळे, म्हणजे खायचे शिंपले, काढणाऱ्या बायका चालल्या होत्या. मोठमोठ्याने बोलत, एकमेकींची थट्टा करत त्या पाखरांच्या अगदी जवळून गेल्या. चिखल्या जेमतेम बाजूला सरकले. पडद्यावरच्या रेघा संथच राहिल्या.

"आता तुम्ही नेहमीसारखी दुर्बीण लावा."

बाई दबक्या पावलांनी पुढे गेल्या, थांबल्या, दुर्बीण डोळ्यांना लावली. मागे वळून बघतात तो पडद्यावर रेघांचं जंगल उभं राहिलेलं.

"पण एकही उडाला नाही, अन्वर! जागचा हललासुद्धा नाही."

"घाबरलेलं कुणी नेहमी पळतंच का, बाई?" अन्वर म्हणाला. "त्या बायका त्यांच्याकडे बघत नाहीत. आपल्या वाटेने येतात, आपल्या वाटेने जातात. जो थांबतो, दबकत पुढे येतो आणि दोन्ही डोळे रोखून बघतो, तो पाखराच्या लेखी शिकारी. ससाणाही असाच बघतो."

"अरे, पण मी मायेनं बघते."

"माया त्यांना दिसत नाही. डोळे दिसतात."

मग खाली बघत त्याने पुढचं सांगितलं. या दिवसांत ही पाखरं खाऊन खाऊन अंगात चरबी साठवतात, कारण त्यांना हिमालय ओलांडायचा असतो. काळीज असं धडधडत राहिलं की ती चरबी जळते. उडताना ती कमी पडली, तर वाटेत उतरायला जागा नसते.

बाईंना आपला लेख आठवला. चिखल्या दरवर्षी कमी परततात, असं त्यांनी वर्तमानपत्रात लिहिलं होतं आणि सगळा दोष सहलींना येणाऱ्यांच्या धांगडधिंग्यावर टाकला होता. ती मंडळी दुपारी येत, संध्याकाळी जात. सकाळपासून अंधार पडेपर्यंत किनाऱ्यावर कोण असे?

"पाटी अजून जोडलेली नाही," अन्वर हळूच म्हणाला. "तुमचा अंक मी अकरा लिहितो. तुमच्यामुळे तर हे फाटक उभं राहिलं, बाई. कुणाला कळायचं नाही."

बाईंनी नाही म्हणायला हवं होतं. त्या म्हणाल्या, "रविवारी ईरा येतेय. या खेपेपुरतं कर."

ईरा म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. पुण्याला नोकरीत होती, वर्षाकाठी एकदा येई.

रविवारी फाटकाशी गर्दी होती, पाटीजवळ अन्वर उभा होता. गावातला तायशेटे धाकट्या मुलीला खांद्यावर घेऊन आला होता. त्याचा अंक चौतीस आला.

"बाई, तुम्ही सांगा ना ह्यांना," तो अजिजीने म्हणाला. "पोरीला एकदा पाखरं दाखवतो नि लगेच फिरतो."

सगळे बाईंच्या तोंडाकडे बघू लागले.

"नियम सगळ्यांना सारखा, तायशेटे." वर्गातला तो आवाज त्यांच्या तोंडून आपोआप निघाला.

तो वळला. पोरगी बापाच्या खांद्यावरून वाळूकडे बघत राहिली. बाईंचे कान तापले. तरीही त्या ईराला घेऊन फाटकातून आत गेल्या.

आत गेल्यावर मात्र दुर्बीण उचलवेना. सहल नेणाऱ्यांना हातात धरायचा छोटा स्पंदवेधी दिला होता. तो पाखरांवर धरायची हिंमत होईना, म्हणून त्यांनी तो बाजूला वळवला. पुढे ईरा घोटाभर पाण्यात एकटी उभी होती. यंत्राला माणूस आणि पाखरू यांतला भेद कळत नाही. पडद्यावर ईराच्या काळजाची रेघ उमटली. संथ, निवांत रेघ. बाईंना बरं वाटलं. त्यांनी कौतुकाने मान वर करून लेकीकडे पाहिलं. ईरानेही पाहिलं, हसली.

रेघ उभी चढली.

बाईंनी नजर खाली वळवली. हळूहळू रेघ उतरली. त्यांनी पुन्हा पाहिलं. पुन्हा चढली.

"काय झालं गं आई? ओढणी नीट नाहीये का?" ईराने हसतच विचारलं आणि झटकन ओढणी सारखी केली.

"काही नाही. तू बरी आहेस ना?"

"एकदम मस्त."

पडद्यावरची रेघ खाली यायचं नाव घेत नव्हती. अक्षर बघू, उभी नीट राहा, हा कोण मुलगा, एवढे गुण का गेले... लहानपणापासून या मुलीवरून आपण नजर काढली नव्हती, असं बाई अभिमानाने सांगत. मुलगी कधी पळाली नव्हती. उलट बोललीही नव्हती.

बाई तडक फाटकाशी गेल्या. "अन्वर, माझा खरा अंक लाव."

"बाई, लोक आहेत."

"म्हणूनच लाव."

पाटीवर त्र्याहत्तर उमटले. तायशेटे बनातल्या सावलीत पोरीला भेळ भरवत होता. त्याने पाटी वाचली आणि बाईंना लाजवायला नको म्हणून मान दुसरीकडे वळवली. तेच बाईंना सगळ्यांत जास्त लागलं.

त्या बनापलीकडच्या बांधावर समुद्राकडे पाठ करून बसल्या. थोड्या वेळाने ईरा येऊन शेजारी बसली. बाई समोरच्या रस्त्याकडे बघत होत्या.

"आई," ईरा म्हणाली, "मी नोकरी सोडली. दिवाळीतच. सांगायला धीर होत नव्हता."

बाईंची मान वळू लागली होती. त्यांनी ती मोठ्या कष्टाने आवरली.

"मग?" रस्त्यावरच नजर ठेवून त्यांनी विचारलं.

आणि ईरा बोलू लागली. का सोडली, त्यानंतर दिवस कसे काढले, आजारी पडली तेव्हा कुणाकडे राहिली, सगळं. मध्येच तिचा आवाज कापरा झाला, मध्येच ती हसलीही. एवढं ती आईशी आयुष्यात कधी बोलली नव्हती. बाई ऐकत राहिल्या.

त्या वेळी लेकीचा चेहरा कसा दिसत होता, हे मात्र त्यांना कधीच कळलं नाही.