घागरवालीचे डोळे

मिथुन, मोबाइल उलटा ठेव बघू. ज्याची गोष्ट सांगतोय तो पुंडलिक माझा सख्खा साडू, पेणला गणपतींचा कारखाना आहे त्याचा. पटत नसेल तर उद्या रोह्याहून पहिल्या एसटीने जा आणि विचार. तो सांगेल की नाही, ते मात्र तुझं नशीब.

पेणला खाडीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर कारंजा चौक आहे. पूर्वी मिठाच्या बैलगाड्या तिथे थांबायच्या. म्हणून तिथला हौद काळ्या दगडाचा, अष्टकोनी, आणि एका बाजूचा काठ मुद्दाम खाली घेतलेला, बैलाचं तोंड पाण्याला पोचावं म्हणून. गाड्या गेल्या, रिक्षा आल्या. मग गावाने हौदाच्या मधोमध खांब चढवून त्यावर घागर घेतलेली सिमेंटची बाई उभी केली. घागरीतून पाणी पडायचं. बाई घडवली पुंडलिकने. लुगड्याच्या चुण्या, कमरेचा बाक, घागर, सगळं त्याचं. डोळे तेवढे त्याच्या कारखान्यातल्या सखाने आखले.

आणि गाव सखाचंच नाव घ्यायला लागलं. घागरीबद्दल कोणी चकार शब्द काढीना. खुद्द पुंडलिकची बायको हौसा चौकातून आली की म्हणायची, "सखाभावजींनी डोळं असं आखलंय, वळख देतात हो." पुंडलिकच्या पोटात दुखायचं. पुढे सखा वारला, तरी दुखणं थांबलं नाही. मेलेल्या माणसाचा हेवा फार वाईट, मेलेला आता कधी चुकत नाही ना.

यंदा कारंज्याची डागडुजी निघाली. नवी मोटर, रंगीत दिवे, सव्वीस जानेवारीला पाणी सोडायचं. बाईला रंग द्यायचं काम पुंडलिककडे. पौषातली अमावास्या होती, रविवार. दिवसा ओल्या रंगावर धूळ बसते, म्हणून रात्री जेवून शेवटचा हात द्यायला तो निघाला. हौसा दारातून म्हणाली, "डोळ्यांना हात लावू नका हां. ते सखाभावजींचे हायत."

"नाय लावत," तो म्हणाला. पण चौकात पोचेपर्यंत तेच एक वाक्य त्याच्या डोक्यात घुमत राहिलं.

त्याच्या कारखान्यात एक रीत आहे. दुसऱ्याने उघडलेले, म्हणजे आखलेले, डोळे पुसायचे नाहीत. रंग उडाला तर त्याच रेषेवरून कुंचला फिरवायचा. पुंडलिकने ही रीत हाताखालच्या प्रत्येक कारागिराला शिकवली होती. त्या रात्री शिडीवर चढून त्याने पॉलिशपेपर काढला आणि दोन्ही डोळे घासून टाकले.

"आता बघ, सखा," म्हणाला.

मग स्वतःचे आखले. रेखीव झाले होते म्हणे. खाली उतरून तो डबे आवरायला लागला.

पाण्याचा आवाज आला.

मोटर अजून बसली नव्हती. हौद कोरडा ठणठणीत. त्याने बॅटरी वर मारली. घागर कोरडीच. पाणी डोळ्यांतून येत होतं... त्याने आखलेले डोळे वाहून चालले होते. गालावर काळं... हनुवटीवर काळं... मग नुसतं सिमेंट.

आणि बैलांच्या काठाशी कोणीतरी कुंचला झटकला. बोटावर. दोनदा.

सखा तसाच झटकायचा.

पुंडलिक हलला नाही.

शिडीवर पाय वाजला. एक पायरी... मग दुसरी...

तो पळाला. डबे, शिडी, चपला तिथेच.

त्या रात्रीनंतर पुंडलिक पुन्हा शिडीवर चढलाच नव्हता. सव्वीस जानेवारीला पाणी सोडलं. सगळे बाईकडे बघत राहिले. "पुंडलिकशेठ, काय डोळे आखलेत," गाव म्हणालं. जन्मभर त्याला हेच ऐकायचं होतं. हौसा शेजारी उभी होती. कौतुकाने म्हणाली, "आज जमलं हो तुमाला. अगदी सखाभावजींसारखं."

त्याने सत्काराची शाल खांद्यावरून काढली. तेव्हापासून त्याने कुंचल्याला हात लावलेला नाही.

गेल्या आठवड्यात मी स्वतः त्या चौकात गेलो होतो. मोटर बंद होती. बैलांच्या काठावर, दगडावर, काळ्या रंगाचा एक थेंब होता. इतक्या महिन्यांनी... ओला. मी बोट लावलं. तेव्हापासून साबण झाला, रॉकेल झालं.

मिथुन, आता मोबाइलची बॅटरी लाव. हे बोट बघ.