भट्टीतून वाचलेली चकती

"माझ्या भावाला तुम्ही चोर ठरवलंत, साहेब. आणि ठरवताना खुर्चीवरून उठलासुद्धा नाहीत!"

ओगोवे नदीच्या मुखाशी, लाकडाच्या धक्क्यावर, भर दुपारी एविंदी बंदराच्या साहेबाच्या तोंडावर बोलली. ती भट्टीच्या धुरावर मासे वाळवून विकणारी बाई. डोक्यावर गोणपाटात गुंडाळलेलं जड ओझं.

दोन महिन्यांपूर्वी तिचा भाऊ रेकुला नदीच्या वरच्या अंगाहून ओकुमे झाडाच्या ओंडक्यांचा तराफा घेऊन निघाला. तराफा पोचला नाही, रेकुलाही नाही. साहेबाने कागद केला: माल वाटेत विकून पळाला. उद्या त्या कागदाच्या जोरावर रेकुलाच्या बायकोपोरांना घराबाहेर काढणार होते.

"बोल आणि चालती हो," साहेब म्हणाला.

एविंदी ओंडक्यांच्या रांगेतून चालत गेली. कडेला खोल खाच असलेल्या एका ओंडक्यापाशी थांबली आणि धक्क्याच्या मुकादमाकडे, ओगांदागाकडे वळली.

"काका, हा माल कधी आला?"

"परवा. नदीतून थेट."

"खाडीत किती दिवस होता?"

"एक दिवससुद्धा नाही. कानात खवले गेलेत का तुझ्या? परवा आला, परवाच वर काढला."

"छाप कुणाची?"

"त्रिकोण. माझ्या मेहुण्याची. पोटात दुखतंय?"

"आणि टोकाला एवढं डांबर?"

"उन्हानं तडकू नये म्हणून. बाई, तू आपले मासे बघ!"

मजूर हसले. एविंदीने ओझं उतरवलं, एकाच्या हातातला कोयता ओढून घेतला आणि डांबर खरवडलं. खाली बोटाएवढी भोकं. डझनभर तरी.

हसू थांबलं.

"हा खाडीच्या खाऱ्या पाण्यातला किडा. गोड्या पाण्यात जगत नाही. शिरतो टाचणीच्या टोकाएवढा, आत बोटाएवढा होतो. त्याला आठवडे लागतात. परवा आलेल्या लाकडात कसा, काका?"

"जुना एखादा ओंडका मिसळला असेल चुकून."

"असेल. मग हे काय?"

तिने गोणपाट सोडलं. ओंडक्याच्या टोकाची कापून टाकलेली, मधोमध फोडलेली अर्धी चकती. तिच्यावर हातोड्याने ठोकलेली चंद्रकोर. रेकुलाच्या धन्याची छाप. धक्क्यावरचा प्रत्येक जण ती ओळखत होता.

तिने चकती ओंडक्याला लावली. खाचेला खाच बसली. मग धक्क्यावर पडलेल्या झाडूतल्या नारळाच्या हिरी काढून चकतीच्या भोकांतून सारल्या. एक, दोन, सात. सातही हिरी चकतीतून सरळ ओंडक्यात गेल्या.

"किड्यानं आधी पोखरलं, करवत नंतर चालली," ती म्हणाली. "म्हणजे तराफा इथे आला. तो खाडीच्या आतल्या झाडीत लपवला. बोभाटा शमल्यावर टोकं कापली, चंद्रकोर गेली, त्रिकोण ठोकला, भोकांवर डांबर. आणि कापलेली टोकं? ती या धक्क्यावरून कायम आम्हा बायकांनाच मिळतात, भट्टीत घालायला. या मुकादमानंही सवयीनं टाकली. जाळून टाकतील म्हणाला असेल. मी ही फोडली आणि दुसरा घाव घालणार, तोच चंद्रकोर दिसली."

मजुरांनी मुकादमाभोवती कडं केलं. ओंडके ढकलायचे लांब बांबू त्यांच्या हातातच होते.

"मी फक्त टोकं कापली!" ओगांदागा किंचाळला. "तो रेकुला ओरडायला लागला तेव्हा मी एकटा नव्हतो. आणि पळाला असा कागद मी लिहिलाय का? ज्यानं निम्मा वाटा घेतला त्यानं लिहिला!"

तो साहेबाकडे बघत होता. आता सगळेच बघत होते.

साहेबाने टोपी घातली आणि तो निघाला. एविंदी त्याच्या वाटेत उभी राहिली.

"तराफा स्वतःहून खाडीत वळत नाही. तो वळवणारा माणूस इथवर जिवंत आला होता. साहेब, माझा भाऊ कुठे आहे? कुठे टाकलात त्याला? बोला!"