तिसऱ्या ठोक्याआधीचा श्वास

साउंडवाल्याची आठवण लोकांना आवाज गेल्यावरच येते. त्या संध्याकाळी आवाज उत्तम होता, एवढं मी छातीवर हात ठेवून सांगतो.

दुपारी चारला मी केबल टाकायला आमच्या सरावाच्या हॉलवर गेलो. पूर्वी तिथे फर्निचरचं दुकान होतं आणि पॉलिशचा वास अजून भिंतींतून गेला नव्हता. आमच्या ओळखीतले पाच बँड आपापली गाणी फुकट वाजवणार होते. तिकिटांचे पैसे ठोक्याच्या उपचारांना जाणार होते. ठोक्या आमचा ड्रमर. मोटरसायकल घसरली तेव्हापासून महिनाभर तो बेशुद्ध होता. त्याची बायको, म्हणजे आमची वहिनी, पहिल्या रांगेत बसली होती. दवाखान्यात त्याच्या उशाशी त्याची ताई होती.

स्टेजवर त्याचे ड्रम नेहमीसारखे मांडले, वर त्याच्या काठ्या ठेवल्या. "रिकामे असले तरी असू देत," गायिका म्हणाली. मी सवयीने त्यांनाही माइक लावले आणि नंतर ते बंद करायला विसरलो. चूक माझीच.

ठोक्याला एक खोड होती. गाणं सुरू करताना तो काठीवर काठी आपटून चार मोजायचा, पण तिसऱ्याआधी श्वास घ्यायला थांबायचा. टक, टक... टक, टक. आम्ही दहा वर्षं त्याला यावरून छळलं. "तुझ्या तीनची वाट बघून माझे केस पिकले रे," गायिका म्हणायची. पण त्या श्वासाशिवाय आमच्यातल्या कुणालाच गाणं उचलता यायचं नाही.

शेवटचं गाणं त्याचंच होतं. त्याआधी मी सगळ्यांना फोन बंद ठेवायला सांगितलं आणि हेडफोन चढवले. गायिका माइकपाशी आली.

टक, टक... मग श्वास, अगदी कानाशी. टक, टक.

गाणं बरोबर उचललं गेलं. मला वाटलं, गिटारवाल्याने मोजलं. मान वर केली तर काठ्या ठेवल्या तिथेच होत्या, आणि माझ्या मिक्सरवर ड्रमच्या चॅनलचा हिरवा दिवा तालात वरखाली होत होता. हात बटणावर गेला. तरी मी चॅनल बंद केला नाही. चालू गाण्यात ड्रम बंद करायचे नसतात, एवढंच तेव्हा डोक्यात आलं.

टाळ्या थांबेनात. लोकांना वाटलं, मी त्याचं जुनं रेकॉर्डिंग लावलं. "काय कल्पना काढलीत हो!" असं एक गृहस्थ येऊन सांगून गेले. मी मान डोलावली. तेवढ्यात वहिनीने फोन सुरू केला, कानाला लावला आणि तशीच उभी राहिली.

"यांनी डोळे उघडले!"

अख्खा हॉल रडला. मीही रडलो.

ताई म्हणाली की डोळे उघडले ते आठ चाळीसला, तेव्हापासून ती फोन लावत होती. माझ्या रेकॉर्डिंगवर गाणं सुरू झालं आठ पन्नासला. म्हणजे ठोके पडले तेव्हा ठोक्या दहा मिनिटं जागा होता. जिवंत माणसाचं भूत होत नाही, असं म्हणून मी स्वतःची समजूत घातली. वायरिंगमध्येच काहीतरी गडबड असणार.

तीन महिन्यांनी तो पुन्हा ड्रमवर बसला. काठ्या उचलल्या. टक, टक, टक, टक. घड्याळासारखे. गायिका मागे राहिली, गिटारवाला अडखळला. "सुधारलास की रे!" म्हणून सगळे हसले. तोही हसला, आमच्याकडे बघत बघत. वहिनी हसली नाही.

दुसऱ्या आठवड्यात भरदुपारी ती एकटीच हॉलवर आली.

"भाऊजी, त्या दिवसाचं ऐकवता?"

मी ऐकवलं. पहिल्या चार ठोक्यांतच तिने डोळे मिटले.

"हे आहेत," ती म्हणाली.

"वहिनी, तो घरी आहे."

"घरी आहे तो..." ती दाराकडे बघून हळू बोलायला लागली. "हे झोपेतसुद्धा श्वासाला अडखळायचे. बारा वर्षं ऐकलंय मी. आता रात्रभर एकसारखा श्वास चालतो. मी जागी झाले की तो जागाच असतो. परवा मला म्हणाला, 'मी आधी हसायचो कसा? करून दाखव ना.'"

मी रेकॉर्डिंग थांबवलं.

"आत्ता माइक लावलात तर... ऐकू येईल?"

नाही म्हणायला हवं होतं. पण तिच्या तोंडाकडे बघवेना. त्या संध्याकाळी ड्रम होते त्या रिकाम्या जागी मी माइक लावला आणि हेडफोनचा एक जोड तिला दिला. बराच वेळ नुसती खरखर. मग हिरवा दिवा हलला.

टक, टक... टक, टक.

वहिनीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. हसतही होती. माइकजवळ जाऊन, घरच्या आवाजात ती म्हणाली, "अहो, चला ना घरी. किती दिवस झाले."

टक, टक... श्वास आत घेतलेला मी ऐकला. तिसरा ठोका आलाच नाही.

ठोके हॉलच्या दारावर पडले. चार, सारख्या अंतराने.

"आहेस का गं आत?" बाहेरून ठोक्याचा आवाज आला. "किती वेळ वाट बघायची?"

वहिनीने हेडफोन काढून माझ्या हातात दिले, पदराने तोंड पुसलं. "आले," ती म्हणाली आणि माझ्याकडे वळून पुटपुटली, "भाऊजी, हा माइक बंद करू नका."

ती गेली. दारातून तो माझ्याकडे बघून हसला. त्याचं जुनं हसू, हुबेहूब.

मी तो चॅनल अजून बंद केलेला नाही. दिवा एकदाही हललेला नाही. पण हेडफोन घातले की कळतं, कुणीतरी श्वास रोखून बसलंय.