ओलीचा डाग

घर म्हणजे पूर्वजांच्या तपश्चर्येचं फळ, असं थोरले डोळे मिटून सांगत. हे घर त्यांनी मागच्या मंदीत एका डबघाईला आलेल्या दंतवैद्याकडून पडत्या भावात घेतलं होतं, ही गोष्ट अलाहिदा. आता पुन्हा मंदी आली... धाकट्या भावाचं फर्निचरचं दुकान बसलं, आणि त्या दुकानापायी थोरल्यांनी गहाण टाकलेलं हे घर बँकेच्या घशात जायची वेळ आली!

दारावर लिलावाची नोटीस लागली तर धाकटा खचेल, या विचाराने थोरल्यांचं अंतःकरण विदीर्ण झालं. त्यांनी स्वतःच घर विकायला काढलं. कारण मात्र सांगितलं नाही. त्यागाचा बोभाटा केला की त्यात राम राहत नाही, असं त्यांचं मत. परिणामी धाकट्याने अबोला धरला.

थोरले पेशाने रंगारी. गिऱ्हाईक यायचं म्हणून त्यांनी बैठकीची खोली रंगवून काढली. सकाळी पाहतात तो कोपऱ्यात ओलीचा भलामोठा डाग. त्यांनी खरवडलं, पुट्टी भरली, रंगाचा हात फिरवला. दुसऱ्या दिवशी डाग पुन्हा हजर. असं आठवडाभर चाललं.

गिऱ्हाईक यायच्या दिवशी थोरले ब्रश घेऊन खोलीत शिरले, तर धाकटा स्टुलावर चढून ओला स्पंज भिंतीवर दाबत होता.

“ओल बघून कुणी घेणार नाही, असं वाटलं दादा...” तो स्टुलावरून खाली उतरला. “तू सांगितलं नाहीस तरी कळतं मला. माझ्यापायी तू बेघर होणार. कसं बघू मी?”

“खरी ओल खालून वर चढते, गाढवा. तुझी वरून खाली उतरत होती. पहिल्याच दिवशी कळलं मला.”

“मग रोज रंगवत कशाला बसलास?”

थोरल्यांनी ब्रशचे केस बोटाने सारखे केले. “तू तर बोलत नव्हतास. तेवढंच काय ते आपलं बोलणं चालू होतं.”

धाकटा हमसून हमसून रडला. थोरल्यांनी त्याला पोटाशी धरलं, हातातल्या ब्रशासकट... घर गेलं तरी आता भाऊ जात नाही, अशी त्यांची खात्री पटली.

गिऱ्हाईकाला घर ओलीसकट पसंत पडलं. फक्त त्याला आधी स्वतःचं विकायचं होतं, आणि ते कुणी घेत नव्हतं. मग दोघे भाऊ छाती काढून बँकेत गेले आणि म्हणाले, घ्या आमचं घर. साहेबांनी हातच जोडले. तिथेच राहा, म्हणाले, जमेल तसे हप्ते भरा. ताब्यात घेतलेल्या घरांना लावायची बँकेची कुलपं संपली होती.