घड्याळजीची पापणी

डॉक्टरीणबाईंनी कापसाचं बारीक टोक वळून घेतलं. दुपारचं हे शेवटचं काम. हे झालं की त्या घरी जाऊन ताणून देणार होत्या.

कोपऱ्यातल्या खाटेवरचा घड्याळजी मेंदूत रक्तस्राव झाल्यापासून यंत्राच्या श्वासावर होता. डोळे अर्धवट उघडे. मोठ्या डॉक्टरांनी सकाळी तपासून नकारार्थी मान हलवली होती. बाईंनाही तेच आढळलं, तर यंत्र बंद करायचं होतं.

तपासणी साधी असते. बुबुळाला कापूस टेकवायचा. पाचवी नस खबर आत नेते, सातवी पापणी मिटवते. माणूस बेशुद्ध असला तरी हे टपाल बहुधा चालू राहतं. आज मात्र बाईंचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. घड्याळजीची बायको सकाळी म्हणाली होती, "त्यांचा डोळा नुसता लवला तरी बंद करू नका. मी घरी नेईन, जन्मभर उशाशी बसेन." आता ती काचेच्या दाराबाहेर बाकावर, पाठ करून बसली होती. तिला हे बघवणार नव्हतं.

बाईंनी उजव्या बुबुळाला कापूस टेकवला. पापणी हलली नाही. बाहेर बायकोने उजवा डोळा चोळला.

"सिस्टर, बाहेर धूळ उडतेय का?"

"छे हो, आत्ताच पुसून घेतलंय."

डावं बुबुळ. बाहेर तिचा तळवा डाव्या डोळ्यावर गेला. पुन्हा उजवं. पुन्हा उजवा. बाईंनी सिस्टरकडे पाहिलं.

"तुम्ही... पाहिलंत?"

"पाहिलं की. नाही लवला," सिस्टर म्हणाल्या. त्या पेशंटकडेच बघत होत्या.

प्रश्न तरी तेवढाच होता. दुसऱ्या कुणाची पापणी लवली, हे कोणत्या तोंडाने सांगायचं? मोठ्या डॉक्टरांना बाईंनी एवढंच सांगितलं, की नाही लवला. यंत्र बंद झालं. थोड्या वेळाने छातीतले ठोकेही थांबले. सवयीने बाईंनी त्याच्या पापण्या मिटल्या.

"अहो..." बाहेरून बायकोचा हलका आवाज आला, "एवढा अंधार कसा झाला?"

तिच्या खांद्यावर तर दुपारचं ऊन पडलं होतं.

बाईंनी दोन बोटांनी त्याच्या पापण्या वर उचलल्या.

"हां... आता दिसतंय."

वॉर्डबॉय स्ट्रेचर घेऊन आला. त्याच्या हातात चिकटपट्टी होती. "बाई, सोडा ना आता. डोळ्यांवर पट्टी लावून खाली शीतपेटीत ठेवायचंय."

बाईंना बोटं काढवेनात. खात्री करावी म्हणून त्या मृताच्या चेहऱ्यावर आणखी वाकल्या. बाहेर बायको तशीच बसलेली, दाराकडे पाठ, तोंड भिंतीकडे.

"डॉक्टर," ती कुजबुजली, "तुम्ही इतक्या जवळून का बघताय माझ्याकडे?"